जुन्या हर्बेरियम शीटवरचं ठिकाण नकाशावर कसं आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जीनसच्या (जवळच्या वनस्पती-जातींच्या गटाच्या) सहाशेच्या आसपास हर्बेरियम नोंदी, म्हणजे कागदावर डकवून जपलेल्या वाळक्या नमुन्यांच्या नोंदी, वेगवेगळ्या संग्रहांतून एका एक्सेल शीटमध्ये जमवल्या आहेत. निम्म्यांना अक्षांश-रेखांश आहेत, निम्म्यांना फक्त लेबलवर लिहिलेलं ठिकाण. आहेत तेवढे क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये टाकले तर काही ठिपके समुद्रात पडले आणि दोन-चार भलत्याच देशात. आता उरलेल्यांना झटपट अक्षांश-रेखांश देणारं साधन कोणतं, आणि समुद्रातले ठिपके सरळ उडवावेत का?

साधनं आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण अक्षांश-रेखांश नसणं ही इथली मूळ अडचण नाही. १९२० साली कुणी ‘अमुक गावाजवळ, डोंगरउतारावर’ असं लिहिलं तेव्हा त्या शब्दांत मावणारी जमीन हा काही बिंदू नव्हता, तो पाच-सात किलोमीटरचा टापू होता. त्यातला एक बिंदू तुम्ही निवडता तेव्हा तो संग्राहकाने सांगितलेला नसतो, तुम्ही लावलेला अर्थ असतो. लेबलवरचे शब्द हा पुरावा. अक्षांश-रेखांश हे तुमचं मत. मत चुकू शकतं, म्हणून ते किती चुकू शकतं हा आकडा त्याच्या शेजारी हवाच. तो आकडा नसलेला ठिपका नकाशावर कितीही नेमका दिसला तरी तो वाचणाऱ्याला फसवतो.

किती चूक चालेल, हे नकाशा कशासाठी हवा आहे त्यावर ठरतं, आणि ते काम सुरू करण्याआधी ठरवायला हवं. जिल्हावार वितरण दाखवायचं असेल तर वीस किलोमीटरची अनिश्चितताही खपते. हवामानाच्या थरांवर मॉडेल चालवायचं असेल, म्हणजे वनस्पती कुठे वाढू शकेल याचा अंदाज काढायचा असेल, तर गोष्ट वेगळी. वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-डेटाचा सर्वांत बारीक थर ३० आर्क-सेकंदांचा, म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण एक किलोमीटरचा चौकोन. सपाट मैदानात पाच किलोमीटर इकडेतिकडे झालं तरी तापमान फारसं बदलत नाही. डोंगराळ भागात तेवढ्याच अंतरात आठशे मीटर उंची बदलते आणि तापमान पाचेक अंशांनी. जाती किती धोक्यात आहे ते ठरवणाऱ्या आययूसीएनच्या निकषांसाठी व्याप्त क्षेत्र काढायचं असेल तर २ × २ किलोमीटरची चौकट वापरतात. तिथे सात किलोमीटर अनिश्चिततेची नोंद एका चौकटीत टाकणं म्हणजे निव्वळ अंधारात तीर मारणं. तुमच्या प्रश्नात हेतू दिलेला नाही, म्हणून पुढचं सगळं मॉडेल किंवा मूल्यांकन डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. फक्त वितरण दाखवायचं असेल तर निम्मी काटेकोरी पुरे.

आधी शीटची रचना. लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या स्पेलिंगसकट, एका स्तंभात ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. डार्विन कोअर या जैवविविधता-नोंदींच्या मानकात त्याला ‘व्हर्बेटिम लोकॅलिटी’ म्हणतात. तुमचं वाचन, म्हणजे आजचं नाव, जिल्हा, देश, वेगळ्या स्तंभांत. मग दशांशातले अक्षांश आणि रेखांश, डेटम (ते ज्या पृथ्वी-मापनपद्धतीवर मोजले ती), मीटरमधली अनिश्चितता, कोणी ठरवलं, कधी, कोणत्या नकाशावरून किंवा गॅझेटिअरवरून (ठिकाणांच्या नावांच्या सूचीवरून), आणि शेवटी शेरा. हे स्तंभ जास्त वाटतील, पण सहा महिन्यांनी ‘हा बिंदू इथे का?’ असं कुणी विचारलं, आणि तो विचारणारा बहुधा तुम्हीच असता, तेव्हा उत्तर शेऱ्याच्या स्तंभातच सापडतं.

एक्सेलबद्दल एक सावधगिरी. ते १९०० सालाआधीच्या तारखांना तारीख मानतच नाही, आणि ‘५-६’ असा संग्रह क्रमांक (संग्राहकाने नमुन्याला दिलेला क्रमांक) दिसला की त्याची तारीख करून मोकळं होतं. म्हणून वर्ष, महिना, दिवस हे तीन वेगळे स्तंभ करा आणि क्रमांकाचा स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. दुसरी खोड जास्त घातक आहे. एकच अक्षांश दहा ओळींत भरायला कोपरा धरून खाली ओढला की कधीकधी आकडा एकेकाने वाढत जातो: १४.३, १५.३, १६.३. नकाशावर हे ठिपके एका सरळ रेषेत, समान अंतरावर, उत्तरेकडे चालत गेलेले दिसतात. दुसऱ्यांकडून आलेल्या डेटातही अशी रांग दिसली तर ती वनस्पतीची नव्हे, माऊसची करामत समजा.

यानंतर शीटचं छायाचित्र उघडा. डेटाबेसमधली ओळ पुरेशी नाही. साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या त्या कागदावर बहुतेकदा उजवीकडे खाली मूळ लेबल असतं, पण त्याशिवाय संग्रहालयाचा शिक्का, बारकोड, नंतरच्या तज्ज्ञांनी डकवलेल्या ओळख-चिठ्ठ्या, कधी पाकिटावर पेन्सिलने केलेली नोंदही असते. टंकलेखन करणाऱ्याने यातलं काय उचललं, ते ओळ बघून कळत नाही. ओळख-चिठ्ठीवरची तारीख संग्रहाची तारीख म्हणून आलेली असते. परिग्रहण क्रमांक, म्हणजे संग्रहालयाने दिलेला क्रमांक, संग्रह क्रमांकाच्या जागी बसलेला असतो. लेबलाच्या डोक्यावर छापलेलं संग्रहालयाचं गाव ‘ठिकाण’ झालेलं असतं. महिना रोमन आकड्यांत लिहिण्याची पद्धत जुनी आहे, ‘५.VI’ म्हणजे ५ जून, पण रोमन सहाचा अकरा वाचला गेला की जूनचं फूल नोव्हेंबरमध्ये फुलतं.

काही लेबलं मुळातच गोळाबेरीज असतात. हूकर आणि थॉमसन या एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या भारतीय संग्रहाची छापील लेबलं जगभरच्या हर्बेरियममध्ये आहेत. त्यांतल्या एका प्रकारावर ठिकाण ‘मलबार, कोंकण इत्यादी’ आणि संग्राहक ‘स्टॉक्स, लॉ इत्यादी’ असं छापलेलं आहे. ठिकाणातही इत्यादी आणि माणसांतही इत्यादी! अशा शीटला बिंदू देण्याचा मोह टाळा. जिल्हाही देता येत नाही. तसंच ‘सी.बी.एस.’ म्हणजे केप ऑफ गुड होपचं लॅटिन नाव, ‘नोव्ह. हॉल.’ म्हणजे न्यू हॉलंड, आजचा ऑस्ट्रेलिया. वॉलिक या एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सूचीतला क्रमांक हा सूचीचा क्रमांक आहे, गोळा करण्याचा नाही. एकाच क्रमांकाखाली ए, बी, सी असे उपक्रमांक आणि प्रत्येक उपक्रमांकाचं ठिकाण वेगळं असू शकतं. आणि लेबलवर ‘हॉर्ट.’ दिसलं तर नमुना बागेतला आहे. ठिकाण खरं, पण तिथे ते झाड कुणीतरी लावलेलं. ते वितरणाच्या नकाशात येऊ देऊ नका.

आता वेळ वाचवणारी युक्ती. सहाशे नोंदी म्हणजे सहाशे ठिकाणं नव्हेत. शीट संग्राहक, मग तारीख, मग संग्रह क्रमांक अशी लावा. एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या नोंदी एकाखाली एक आल्या की दिसतं की एका लेबलवर नुसतं गावाचं नाव आहे, पुढच्यावर ‘गावाच्या उत्तरेला नदीकाठी’ आहे, त्यापुढच्यावर उंचीही आहे. तिघांची माहिती एकत्र वाचा, ठिकाण एकदाच सोडवा आणि उत्तर सगळ्यांना लावा. संग्राहकाच्या बाकीच्या वनस्पतीही खाली उतरवून घ्या, तुमच्या जीनसपुरतं थांबू नका. जीबिफ या जगभरच्या जैवविविधता-नोंदींच्या पोर्टलवर संग्राहकाचं नाव आणि वर्ष टाकून शोधलं की त्याचा त्या आठवड्यातला मार्ग हळूहळू उभा राहतो. ४१० क्रमांक एका खेड्यात आणि ४२० पुढच्या खेड्यात गोळा झाला असेल, तर ४१५ त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी असण्याची शक्यता मोठी.

शक्यता म्हणतो, खात्री नाही. काही संग्राहक गोळा करताना जागेवर क्रमांक देत नसत. घरी आल्यावर कुळानुसार गठ्ठे लावून मग क्रमांक टाकत. अशांच्या क्रमांकांचा प्रवासाशी संबंध नसतो. तपासायला सोपं आहे. क्रमांक आणि तारीख शेजारी ठेवा. क्रमांक वाढतो तशी तारीख वाढत असेल तर मालिका प्रवासाची आहे. तारखा उड्या मारत असतील आणि लागोपाठचे क्रमांक एकाच कुळाचे असतील, तर क्रमांकावरून मार्ग काढू नका, फक्त तारखेवरून काढा. रशियातले जुने संग्राहक असतील तर तारखेतही मेख आहे. तिथे १९१८ पर्यंत जुनी दिनदर्शिका होती, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बारा आणि विसाव्यात तेरा दिवसांचा फरक. संग्राहक त्या वर्षी जिवंत आणि त्या खंडात होता का, हे हार्वर्डच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सूचीत किंवा संग्राहकांना त्यांच्या नमुन्यांशी जोडणाऱ्या बायोनोमिया या संकेतस्थळावर बघता येतं.

ठिकाणाचं नाव शोधताना गडबड तीन जागी होते. नाव बदललेलं असतं: सॉल्सबरीचं हरारे झालं, लिओपोल्डव्हिलचं किन्शासा. एकाच नावाची डझनभर गावं असतात. सान होसे किंवा सांता क्रूझ एवढंच लिहिलेलं लेबल हातात पडलं तर संग्राहकाचा मार्ग कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि तिसरी, जी लक्षातच येत नाही: एकच नाव शहराचं आणि प्रांताचंही असतं. पेरूतलं कुस्को, मेक्सिकोतलं ओआहाका ही अशी नावं. लेबलवर नुसतं ‘कुस्को’ असेल आणि शहरच म्हणायचं होतं याला दुसरा पुरावा नसेल, तर मोठा अर्थ घ्या, म्हणजे प्रांत, आणि अनिश्चितता त्या मापाची ठेवा. गॅझेटिअर साधनं अशा वेळी बेलाशक शहराच्या चौकात खिळा ठोकतात.

गाव सापडलं तरी ते संग्रहाच्या काळात केवढं होतं ते बघा. आज दहा किलोमीटर पसरलेलं शहर १८९० साली एखाद्या किलोमीटरमध्ये मावत असेल. ‘शहराबाहेर दोन मैल’ ही जागा आज शहराच्या पोटात असू शकते. त्या काळाचा नकाशा मिळाला तर नेहमी तोच धरा. धरणाखाली गेलेली गावं, नावाच्या गावापासून दूर असलेली रेल्वे स्टेशनं, जागा बदललेल्या वस्त्या, हे सगळं जुन्या नकाशावरच दिसतं.

अंतराची एककं आणखी एक सापळा. मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, सागरी मैल १.८५२. स्वीडन-नॉर्वेतला ‘मिल’ मात्र साधारण दहा किलोमीटरचा. तो मैल समजून वाचला तर ठिपका सहापट जवळ येतो. रशियन व्हर्स्ट १.०६७ किलोमीटर. लीग देशागणिक वेगळी. रेखांशांचंही तेच: शून्य रेखांश ग्रिनिचला, हे १८८४ च्या परिषदेत ठरलं, पण फ्रान्सने पॅरिसचं रेखावृत्त १९११ पर्यंत शून्य म्हणून चालवलं. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २°२०′१४″, आणि जुन्या युरोपीय नकाशांवर शून्य मानलेलं फेरो बेट पश्चिमेला १७°४०′. एखाद्या संग्राहकाचे सगळे ठिपके एकाच दिशेला सारख्याच अंतराने सरकलेले दिसले तर आधी रेखावृत्त तपासा.

आता नेहमीचं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. लेबलवर ‘अ गावाच्या ईशान्येला १२ किमी’ आहे. गाव सापडलं, मध्यापासून कडेपर्यंत २ किलोमीटर. ईशान्येला १२ म्हणजे उत्तरेला ८.४९ आणि पूर्वेला ८.४९ किलोमीटर; तिथे बिंदू ठेवा. पण संग्राहकाने होकायंत्रावर नेमके ४५ अंश मोजले नव्हते. उत्तर-ईशान्य किंवा पूर्व-ईशान्य असं लिहायची तसदी त्याने घेतली नाही एवढंच आपल्याला माहीत आहे, म्हणून दिशेला दोन्ही बाजूंनी साडेबावीस अंश सूट. ‘१२’ हा पूर्णांक आहे, म्हणून अंतराला अर्धा किलोमीटर. सर्वांत वाईट परिस्थितीत तो माणूस १२.५ किलोमीटरवर आणि साडेबावीस अंश बाजूला असेल. त्या कोपऱ्यापासून आपल्या बिंदूपर्यंतचं अंतर त्रिकोणाच्या सूत्राने ४.८ किलोमीटर येतं. त्यात गावाचा विस्तार मिळवा, कारण अंतर गावाच्या कुठल्या टोकापासून मोजलं ते माहीत नाही: ६.८ किलोमीटर. ही तुमची त्रिज्या. तिच्यात सुमारे १४५ चौरस किलोमीटर जमीन येते, म्हणजे आययूसीएनच्या मापाने छत्तीस चौकटी. यात सर्वांत मोठा वाटा दिशेचा आहे, हे ध्यानात घ्या. लोक गावाचा मध्य अचूक शोधण्यात तास घालवतात आणि दिशा सोडून देतात.

लेबलवर १२ ऐवजी १० असतं तर? दहाचा आकडा माणसं ‘सुमारे’ या अर्थाने लिहितात. मी दहाला पाच किलोमीटरची सूट देतो आणि त्रिज्या नऊ किलोमीटरच्या घरात जाते. नुसतं ‘उत्तरेला’ असेल तर दिशेची सूट पंचेचाळीस अंश. आणि ‘रस्त्याने’ असेल तर सगळं गणित बदलतं: बिंदू हवेतून, म्हणजे सरळ रेषेत मोजून ठेवायचा नाही, त्या काळच्या रस्त्यावर फूटपट्टी चालवायची. मग दिशेची चूक जवळजवळ उरत नाही आणि त्रिज्या बरीच आटोपते. अंतर रस्त्याने की सरळ रेषेत, हे लेबलवर नसेल तेव्हा त्या दिशेला रस्ता होता का ते बघा. होता तर रस्त्याचं अंतर जास्त संभवनीय, कारण मैलाचे दगड रस्त्यावरच असतात. जे धरलं ते शेऱ्यात लिहा. शेरा असा दिसावा: ‘१२ किमी हवाई धरले, त्या दिशेला रस्ता नाही, गावाचा विस्तार १९३० च्या नकाशावरून, उंचीशी जुळते.’ एवढं पुरतं.

ही बिंदू-त्रिज्या पद्धत २००४ साली सविस्तर मांडली गेली आणि आज बहुतेक संग्रहांत तीच चालते. त्रिकोण हाताने सोडवायची गरज नाही, जिओरेफरन्सिंग कॅल्क्युलेटर नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. पण पहिली दहा ठिकाणं तरी हाताने करा. नाहीतर साधनाने दिलेला आकडा बरोबर की गचाळ, ते ओळखता येणार नाही. नदी, लांबट बेट, डोंगररांग अशा आकारांना वर्तुळ नीट बसत नाही. तिथे शक्य असेल तर बहुभुज काढून ठेवा आणि वर्तुळ त्याला वेढणारं द्या. आकार घोड्याच्या नालासारखा असेल तर वर्तुळाचा मध्य आकाराच्या बाहेर पडतो. अशा वेळी बिंदू आकाराच्या सर्वांत जवळच्या कडेवर आणायचा आणि त्रिज्या तिथून पुन्हा मोजायची.

ताळा करायला सर्वांत उपयोगी पडते ती लेबलवरची उंची. ३,५०० फूट म्हणजे १,०६७ मीटर. तुमचा बिंदू एसआरटीएमच्या उंचीथरावर (अवकाशयानावरच्या रडारने मोजलेल्या उंचीच्या नकाशावर) २०० मीटरवर पडत असेल आणि वर्तुळात कुठेही हजार मीटर नसेल, तर काहीतरी चुकलं आहे: गाव दुसरं आहे, किंवा फुटांऐवजी मीटर वाचले आहेत. उलट वर्तुळात ९५० ते १,१५० मीटरचा एकच पट्टा असेल तर वर्तुळ त्या पट्ट्यापुरतं आकसता येतं; सात किलोमीटरची अनिश्चितता कधीकधी दोनवर येते. जुन्या संग्राहकांचा अनेरॉइड दाबमापक हवामानाप्रमाणे हलायचा, म्हणून शंभर मीटर इकडेतिकडे सोडून द्या. एसआरटीएमचा थर ६०° उत्तर ते ५६° दक्षिण एवढाच आहे. त्यापलीकडे दुसरा घ्यावा लागेल.

दुसरा ताळा डुप्लिकेट शीटचा. एकाच वेळी तोडलेल्या फांद्या पाच हर्बेरियमना वाटल्या जातात आणि प्रत्येक ठिकाणी लेबल नव्याने टाइप होतं. एकीकडे पूर्ण वाक्य असतं, दुसरीकडे फक्त देश. संग्राहक, क्रमांक आणि तारीख जुळली की पाचही वाचा, सर्वांत सविस्तर लेबल धरा आणि पाचांना एकच बिंदू द्या. नाहीतर एकाच झाडाचे पाच ठिपके पडतात आणि मॉडेलला ती पाच वेगळी झाडं वाटतात.

आता ज्या निम्म्या नोंदींना अक्षांश-रेखांश आधीच आहेत त्या. त्यांवर जास्त विश्वास टाकू नका. भलत्या देशातले ठिपके बहुतेकदा चिन्हांचे असतात. समजा ठिकाण ब्राझिलियाजवळ आहे: १५.७८ दक्षिण, ४७.९३ पश्चिम. दोन्ही आकडे उणे हवेत. रेखांशाचं उणे गळलं तर ठिपका मादागास्करमध्ये जातो, अक्षांशाचं गळलं तर अटलांटिकमध्ये, दोन्ही गळली तर येमेनमध्ये. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर थेट दक्षिण अटलांटिकच्या थंड पाण्यात. लेबलवरचा देश माहीत असल्याने या चारही उलटापालटी करून पाहता येतात. एकच जर त्या देशात, लेबलवरच्या जिल्ह्यात पडत असेल, तर दुरुस्त करा आणि शेऱ्यात लिहा. म्हणूनच समुद्रातले ठिपके डोळे मिटून उडवू नका. त्यांतले बरेचसे एका उणे चिन्हाने परत येतात.

समुद्रातले बाकीचे दोन प्रकारचे. काही किनाऱ्यालगतचे असतात आणि चूक तुमच्या नकाशाची असते. एकास अकरा कोटीच्या जगाच्या नकाशावर छोटी बेटं आणि खाड्या नसतातच. बारीक किनाऱ्याचा थर लावला की ठिपका जमिनीवर येतो. दुसरा प्रकार शून्य-शून्यचा. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, विषुववृत्तावर पडलेला ठिपका म्हणजे रिकामा रकाना शून्य झालेला. त्याला अक्षांश-रेखांश नाहीत असंच धरा आणि लेबलवरून नव्याने काढा.

जमिनीवर आणि योग्य देशात पडलेला चुकीचा ठिपका सर्वांत धोक्याचा, कारण तो खुपत नाही. देशाच्या किंवा प्रांताच्या भौमितिक मध्यावरचे, राजधानीवरचे, खुद्द हर्बेरियमच्या इमारतीवरचे ठिपके असे असतात. आर या संगणकभाषेतलं कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज या सगळ्यांवर झेंडा लावतं. झेंडा म्हणजे फाशी नव्हे, फक्त ‘बघा’. हर्बेरियमच्या आवारात खरोखर तण गोळा केलेलं असतं.

मिनिटांचा घोळ मात्र एकेका ठिपक्याकडे बघून सहजी पकडता येत नाही. १८°४५′ म्हणजे १८.७५. कुणी ते सरळ १८.४५ लिहिलं तर ०.३० अंशाचा फरक, म्हणजे ३३ किलोमीटर. ओळखायची खूण अशी: एका संग्रहातल्या सगळ्या नोंदी घ्या आणि दशांशानंतरचे पहिले दोन अंक बघा. शेकडो नोंदींत एकदाही .६० ते .९९ येत नसेल, तर ते दशांश नाहीत, मिनिटं आहेत.

आकड्यातले अंकही बोलतात. एक अंश अक्षांश साधारण १११ किलोमीटर, म्हणून दोन दशांश म्हणजे १.१ किलोमीटर, चार म्हणजे अकरा मीटर. १९३५ च्या नोंदीला सहा दशांश असतील तर ते कुणीतरी गणकयंत्रातून काढले आहेत, ती अचूकता खोटी आहे. जवळच्या मिनिटापर्यंत दिलेला आकडा विषुववृत्ताजवळ सुमारे २.६ किलोमीटरची अनिश्चितता घेऊन येतो, तेवढी लिहाच. जीपीएसच्या नोंदींतही मे २००० च्या आधीच्यांना शंभर मीटर धरा, कारण तोवर नागरी संकेत मुद्दाम बिघडवलेला असे. डेटम न दिलेला असेल तर ‘नोंदवलेला नाही’ असं लिहा, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ डेटम गृहीत धरून मोकळे होऊ नका; जुन्या टोकियो डेटमचा फरक चारशे मीटरच्या वर आहे. तुमची त्रिज्या सात किलोमीटर असेल तर याने काही बिघडत नाही. शंभर मीटर म्हणत असाल तर बिघडतं. यूटीएम आकडे (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये दिलेली जागा) पट्ट्याच्या क्रमांकाशिवाय निरुपयोगी: पट्टे साठ आहेत आणि तेच आकडे प्रत्येकात येतात.

आता झटपट साधनांबद्दल. जिओलोकेट हे साधन लेबलचं वाक्य वाचून उमेदवार बिंदू आणि अनिश्चितता देतं. पहिल्या फेरीला चांगलं आहे, विशेषतः इंग्रजी लेबलं आणि साधी वाक्यं असतील तर. पत्ते शोधणारी जिओकोडिंग सेवा या कामाला वापरू नका. तिला रस्ते, दुकानं आणि आजची नावं ठाऊक असतात, शिवाय उत्तर सापडलं नाही तरी ती जवळपासचं काहीतरी देतेच. भाषिक मॉडेलं लेबलचं हस्ताक्षर वाचायला आणि वाक्याचे भाग पाडायला मदत करतात, पण त्यांनी छातीठोकपणे सांगितलेले अक्षांश-रेखांश नकाशावर पडताळल्याशिवाय घेऊ नका. साधन कोणतंही असो, त्याने दिलेला प्रत्येक बिंदू माणसाने एकदा नकाशावर पाहायचा. उमेदवार शोधण्याचा वेळ वाचतो, निर्णयाचा नाही.

शेवटी काही नोंदी उरतीलच. एका ठिकाणावर वीसेक मिनिटं घालवूनही गाव सापडत नसेल तर थांबा. अक्षांश-रेखांश रिकामे ठेवा आणि कारण लिहा: ‘नावाची तीन गावं, निवड करता येत नाही’ किंवा ‘फक्त देश’. नोंद पुसू नका. उद्या त्या संग्राहकाची वही स्कॅन होऊन आली तर तीच नोंद पाच मिनिटांत सुटते. मॉडेल चालवताना अनिश्चिततेच्या स्तंभावर चाळणी लावा, आणि एकदा दोन किलोमीटरची, एकदा दहाची लावून निकाल किती हलतो ते बघा. फारसा हलला नाही तर दहाची ठेवा, नोंदी जास्त मिळतील.

नकाशा जाहीर करण्याआधी जीनसमध्ये ऑर्किड, सायकॅड, निवडुंग यांच्यासारखं चोरून विकलं जाणारं काही आहे का ते तपासा. असेल तर जाहीर प्रतीत अक्षांश-रेखांश एक दशांशापर्यंत, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरपर्यंत पुसट करा, आणि पुसट केलं आहे हे नोंदीत लिहा, नाहीतर पुढचा माणूस तेच अचूक समजून वापरेल. लेबलवरचा मजकूरही झाकावा लागतो. आकडे गोल करून शेजारी ‘देवळामागच्या ओढ्याकाठी, तिसरा कडा’ ठेवलं तर काही साधत नाही.

आणि दुरुस्त्या स्वतःपाशी ठेवू नका. जीबिफ फक्त दाखवतं. मूळ नोंद हर्बेरियमची असते. शीटचा बारकोड, जुने आकडे, नवे आकडे, त्रिज्या आणि शेरा अशा पाच स्तंभांची छोटी फाइल त्या त्या हर्बेरियमच्या क्युरेटरला पाठवा. जीबिफवरच्या डाउनलोडला मिळालेला डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) जपून ठेवा आणि त्याच फाइलवर शेवटपर्यंत काम करा, कारण पुढच्या महिन्यात उतरवलेल्या फाइलमध्ये ओळी बदललेल्या असतील. सुरुवात म्हणून आज शीट संग्राहक-तारखेप्रमाणे लावा आणि वेगळी ठिकाणं किती निघतात ते मोजून इथे सांगा. त्यावरून काम आठवड्याचं की तीन महिन्यांचं, ते सांगता येईल.